मोटारीची कांच धुणारा पंप

पुण्याहून सकाळीं खराडीकडे निघालेल्या मोटारीला सूर्य समोरून भेटतो, आणि संध्याकाळीं तीच मोटार शहराकडे वळली कीं तो पुन्हां समोर उभा असतो. खराडी शहराच्या पूर्वेस असल्यामुळें हा योग टळत नाहीं. एके काळीं हवेली तालुक्यांतील, मुळा-मुठेच्या उत्तर कांठचें हें एक शेतकऱ्यांचें गांव होतें. आज तेथें संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या आहेत, नव्या इमारतींचीं कामें चालूच आहेत, आणि खडी-सिमेंटची बारीक धूळ नगर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कांचेवर बसते. सावलींत ही धूळ दिसतही नाहीं. परंतु उतरते किरण तिच्यावर पडले कीं सबंध कांच दुधासारखी पांढरी होते आणि पलीकडचा मनुष्य, सायकल, दुभाजक, सर्व कांहीं त्या पडद्याआड नाहींसें होतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. चालकाला दोन सेकंद दिसलें नाहीं, तर तेवढ्यांत सुमारें ३३ मीटर रस्ता त्यानें आंधळेपणानें ओलांडलेला असतो.

अशा वेळीं हात कांच धुण्याच्या बटणाकडे जातो. गाडी नवी असली तर पाण्याच्या दोन धारा कांचेवर उडतात, वायपर दोन फेरे मारतो आणि रस्ता पुन्हां दिसूं लागतो. गाडी वडिलांच्या हातची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींची असली, तर पुष्कळदां बटण दाबून कांहींच होत नाहीं; किंवा बॉनेटखालून नुसती घरघर ऐकूं येते. मग चालक कोरडाच वायपर फिरवितो. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट. रस्त्याच्या धुळींत वाळूचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे कण असतात आणि ते कांचेहून कठीण असतात. वायपरच्या रबराखालीं सांपडून ते कांचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे काढतात. हे ओरखडे पुसून जात नाहींत, आणि रात्रीं समोरच्या गाडीच्या दिव्याचा प्रकाश त्यांत फांकतो. जुन्या गाडीची चांगली पुढची कांच सहज मिळत नाहीं, हें ज्यांना ती शोधावी लागली त्यांना सांगावयास नको.

महाराष्ट्रांतील घरांत जपलेल्या जुन्या गाड्यांत प्रीमियर पद्मिनीला पहिला मान द्यावयास हरकत नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम ११०० जातीच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९६४ मध्यें आलेली ‘डिलाइट’ हीच १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निघाली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर २०१४ पर्यंत टिकली. आज या गाड्यांवर कांच धुण्याचा पंप एकाच प्रकारचा सांपडेल असें नाहीं. कांहींवर हातानें दाबावयाचा असतो, कांहींवर विजेचा, आणि कित्येकांवर मूळचा नाहींसा होऊन मागाहून बाजारांतून आणून बसविलेला. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं बॉनेट उघडून आणि पाण्याच्या नळीचा माग काढून गाडींत कोणता पंप आहे हें पाहून घ्यावें.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं यंत्रशक्तीनें चालणारा वायपर सक्तीचा केला. पण पाण्यावांचून वायपर धुळीचें कांहींच करूं शकत नाहीं. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. पहिल्या पद्मिनी आतां त्या वयाला पोंचल्या आहेत. अशा नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं हें खरें. पण मेळाव्याला किंवा गॅरेजला जातांनाही सूर्य समोर येतोच. शिवाय अशा गाडीच्या धन्याला जुना पंप फेंकून प्लास्टिकचा नवा आणण्यापेक्षां जुनाच चालता करण्यांत गोडी वाटते, आणि ती वाजवी आहे. जुने पंप बहुधा स्क्रू काढून उघडतां येतात. आजचे पुष्कळसे कायमचे बंद करूनच विकले जातात.

वायपरची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंनीं आंत बसून हातानें फिरवावयाच्या वायपरचें पेटंट १९०३ मध्यें मिळविलें. कांचेवर पाणी उडविण्याची सोय मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आली. पावसांत पाणी आकाशांतूनच मिळत असल्यामुळें तिची निकड कोणाला भासली नसावी. आपल्याकडील ट्रकचालक पावसांत वायपर बंद पडला कीं कांचेवर तंबाखू चोळीत. त्यानें पाणी थेंब न धरतां पातळ थरानें ओघळतें आणि कांहीं वेळ दिसतें. धुळीवर हा तोडगा निरुपयोगी. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें तर १९६० नंतरच्या दशकांत आपल्या बीटल गाडीवर पंपच ठेवला नाहीं. पाण्याच्या टांकीला राखीव चाकांतली हवा जोडून तिच्या दाबावर पाणी वर चढविलें.

हाताचा पंप समजावयास गांवचा हापसा पाहिलेला असला म्हणजे पुरे. बटणामागें एक लहान कोठडी असते आणि तिची एक भिंत रबरी पडद्याची असते. बटण दाबलें कीं पडदा आंत जातो, कोठडी लहान होते आणि आंतील पाणी बाहेर रेटलें जातें. बटण सोडलें कीं स्प्रिंग पडद्याला मागें लोटते, कोठडी मोठी होते आणि बाटलींतलें पाणी आंत ओढलें जातें. पाण्यानें कोणत्या वाटेनें यावें आणि कोणत्या वाटेनें जावें हें दोन झडपा ठरवितात. एक बाटलीकडची आणि दुसरी कांचेकडची. झडप म्हणजे रबराची पातळ चकती किंवा एक लहानशी गोळी. ती एकाच दिशेनें उघडते. मनुष्याच्या हृदयांतील झडपांचें कामही याहून निराळें नाहीं. या दोहोंपैकीं एक जरी नीट मिटली नाहीं, तरी बटण हालत राहतें आणि पाणी चढत नाहीं.

विजेच्या पंपांत १२ व्होल्टची लहान मोटर एक चिमुकला पंखा फिरविते. हा पंखा जवळ आलेलें पाणी जोरानें फेंकतो, पण हवा ओढून दूरचें पाणी वर आणण्याची ताकद त्याच्या अंगीं नसते. म्हणून तो बाटलीच्या तळाशीं, पाण्याच्या पातळीखालींच असावा लागतो. जुन्या इंग्रजी धर्तीच्या कांहीं पंपांत मोटर बाटलीच्या झांकणावर बसविलेली असते आणि तिचा लांब दांडा खालीं पाण्यांत उतरतो. दिसावयाला वेगळें, पण पाणी फेंकणारा भाग तेथेंही तळाशींच.

पाणी येईनासें झालें म्हणजे सर्वांचा संशय पंपावर जातो, आणि मेकॅनिकही पुष्कळदां न पाहतां नवा पंप सुचवितो. वस्तुतः पंप हा या मालिकेंतला बराच दणकट भाग आहे. आधीं बिघडतें तें पाणी, मग नोझल, मग नळी. तपासणीही याच क्रमानें करावी, कारण या क्रमानें खर्च वाढत जातो.

खराडीच्या बाजूला पाण्याचा संशय तर आधीं घ्यावा. दख्खनच्या काळ्या पाषाणांतून झिरपलेलें विहिरीचें आणि बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. खेड तालुक्यांतील भामा-आसखेड धरणाचें पाणी पुण्याच्या पूर्व भागाला मिळूं लागलें तें १ जानेवारी २०२१ पासून. त्यापूर्वीं या बाजूच्या कित्येक सोसायट्यांची भिस्त बोअरवर आणि टँकरवर होती. असें जड पाणी बाटलींत भरलें कीं बॉनेटखालच्या उष्णतेनें तें आटत जातें आणि क्षार मागें राहतात. नोझलचें भोंक जेमतेम एका मिलिमीटराएवढें. त्याच्या तोंडाशीं राहिलेला शेवटचा थेंब रोज उन्हांत वाळतो, रोज चुन्याचें एक पातळ पुट चढतें, आणि चहाच्या किटलींत दिसणारा तोच पांढरा थर येथें दोन-चार महिन्यांत वाट बंद करूं शकतो.

घरोघरीं एक चूक होते ती सांगितली पाहिजे. पाणी शुद्ध करण्याच्या आर.ओ. यंत्रांतून वायां जाणारें पाणी पुष्कळ गृहिणी काटकसरीनें बादलींत सांठवितात. झाडलोटीला तें उत्तम. पण मोटारीच्या बाटलींत तें घालूं नये, कारण मूळ पाण्यांतले बहुतेक क्षार त्यांतच एकवटलेले असतात. याच्या उलट वातानुकूल यंत्राच्या नळींतून ठिबकणारें पाणी हवेंतल्या बाष्पाचें झालेलें असल्यामुळें त्यांत क्षार जवळजवळ नसतात. तें फडक्यानें गाळून घेतलें तर या कामाला बॅटरीच्या पाण्याइतकेंच उपयोगी पडतें. कांच तेलकट असेल तर लिटरभर पाण्यांत शांपूचे चार-दोन थेंब पुरेत. अंगाचा साबण मात्र टाकूं नये. जड पाण्याशीं त्याचा चिकट सायीसारखा सांका होतो आणि तोच नोझलमध्यें जाऊन बसतो.

आतां तपासणी. प्रथम कान द्यावा. विजेचा पंप असला आणि बटण दाबतांच घरघर ऐकूं आली, तर मोटर जिवंत आहे. बाटलींत पाणी आहे ना, हें पाहून कांचेकडे जाणारी नळी पंपापासून सोडवावी, तिच्या जागीं भांडें धरावें आणि पुन्हां बटण दाबावें. भांड्यांत जोराची धार आली तर पंप निर्दोष ठरला. अडथळा पुढें, नळींत किंवा नोझलमध्यें आहे. हाताच्या पंपालाही हीच परीक्षा लागू पडते. या एका मिनिटाच्या परीक्षेनें कित्येकांचा नव्या पंपाचा खर्च वांचतो.

नोझल चोंदलें असेल तर टांचणी खुपसण्याची घाई करूं नये. मऊ पितळेचें किंवा प्लास्टिकचें भोंक त्यानें वांकडें होतें आणि धार सरळ न जातां फांकते. नोझल काढून सिरका आणि कोमट पाणी समभाग करून त्यांत अर्धा तास ठेवावें. चुन्यावर आम्लाची क्रिया होऊन कर्बवायूचे बुडबुडे येतील. ते थांबले म्हणजे स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि सायकलच्या पंपानें बाहेरच्या बाजूनें आंत हवा मारावी, म्हणजे सुटलेली खपली आल्या वाटेनें परत जाईल. हवा मारतांना नळी पंपापासून सुटी असलीच पाहिजे. नाहीं तर त्या दाबानें पंपाचा पडदा फाटावयाचा. सिरका गाडीच्या रंगावर सांडूं देऊं नये. सांडलाच तर लगेच धुवावा.

नळीचा दोष बहुधा तिच्या टोकांशीं असतो. जुनी प्लास्टिकची नळी उष्णतेनें कडक होते आणि जेथें ती तोटीवर चढविलेली असते तेथें केसाएवढी चीर पडते. हाताच्या पंपाला ही चीर फार जाचते. चिरलेल्या नळीनें नारळपाणी ओढूं गेल्यास तोंडांत हवाच यावी, तसें पंपाचें होतें. टोंकाकडचा अर्धा इंच कापून टाकावा, नवें टोंक गरम पाण्यांत बुडवून मऊ करावें आणि मग चढवावें. सबंध नळीच कडक झाली असेल तर बदलणें बरें. ती महाग नसते.

हाताच्या पंपाच्या झडपांचें दुखणें लक्षणांवरून ओळखतां येतें, आणि यांत खरी मौज आहे. बटण दाबल्यावर बाटलींत बुडबुडे उठले किंवा पाणी मागें परतलें, तर बाटलीकडची झडप मिटत नाहीं. बटण सोडल्यावर नोझलमधून हवा आंत ओढली जाते आणि पाणी वर येत नाहीं, असें झालें तर कांचेकडची झडप मिटत नाहीं. दोन-चार दाबांनंतर पाणी येतें, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां दोन-चार कोरडे दाब लागतात, तेव्हां एखादी झडप किंवा सांधा थोडा गळतो आणि रात्रींतून नळींतलें पाणी बाटलींत उतरतें. बटण आंत जाऊन बाहेरच येत नाहीं, तर स्प्रिंग गंजली आहे किंवा बाटलीकडची वाट पूर्ण बंद आहे. बटणाच्या दांड्याशेजारून पाणी पाझरून चालकाच्या पायांवर पडलें, तर पडदा फाटला.

असा पंप पांढऱ्या कापडावर उघडावा, कारण आंतली गोळी किंवा स्प्रिंग उडून गॅरेजच्या जमिनीवर गेली तर पुन्हां दिसत नाहीं. भाग कोणत्या क्रमानें निघाले त्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. रबराला राकेल किंवा पेट्रोल लावूं नये. सर्व कांहीं राकेलनें पुसण्याची गॅरेजांतली संवय येथें घातक आहे. नैसर्गिक रबर त्यानें फुगतें, आणि कालपर्यंत कशीबशी चालणारी झडप आज मुळींच बसत नाहीं. साबणाच्या पाण्यानें धुवावें. चकतीवर नुसता चुन्याचा थर असेल तर तो सिरक्यानें जातो आणि झडप पुन्हां मिटूं लागते. चकती कडक होऊन तिच्या कडा वळल्या असतील, तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच मापाची नवी कापावी. कापतांना कात्री न वापरतां धारेचें पातें घ्यावें, म्हणजे कड सरळ येते. जाड रबराची चकती टिकाऊ वाटते, पण हाताच्या थोड्या जोरानें ती उघडत नाहीं. फाटलेल्या पडद्यालाही हाच उपाय तात्पुरता चालतो. जोडण्यापूर्वीं बटणाच्या दांड्याला ग्लिसरीनचा हात द्यावा. साधें ग्रीस रबराला मानवत नाहीं.

विजेचा पंप मुका असेल तर त्याला दोष देण्यापूर्वीं वीज त्याच्यापर्यंत पोंचते कीं नाहीं हें पाहावें. फ्यूज पाहावा. मग एका मदतनिसाला बटण दाबावयास सांगून पंपाच्या दोन टोंकांना टेस्ट लँप लावावा. दिवा लागला तर पंपाची मोटर दोषी. न लागला तर दिव्याचें एक टोंक गाडीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या लोखंडाला लावून पुन्हां पाहावें. आतां लागला म्हणजे अर्थिंगचा सांधा गंजला आहे; जुन्या गाड्यांत हा दोष नित्याचा, आणि पॉलिश पेपरच्या तुकड्यानें मिटणारा. तरीही न लागला तर दोष वायरींत किंवा बटणांत. सांधे उघडून साफ करण्यापूर्वीं बॅटरीचें एक टोंक सोडवून ठेवावें.

मोटर दोषी ठरली तरी लगेच टाकूं नये. पुष्कळ महिने न चालल्यानें तिचा दांडा नुसता अडकलेला असतो. हातानें फिरविल्यास सुटतो. ज्या मोटरींचें आवरण उघडतां येतें त्यांत दोन कार्बन असतात. ते झिजून अगदीं आंखूड झाले असतील तर मोठ्या मापाचे आणून घांसून बसवितां येतात. ते ज्या तांब्याच्या कड्यावर घांसतात तें काळें पडलें असेल तर बारीक पॉलिश पेपरनें उजळावें. जोडतांना वायरींची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो आणि धार मेल्यासारखी येते. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक लोखंडाला जोडण्याची रीत होती. तेथें हा घोटाळा हटकून होतो. बाटली रिकामी असतांना बटण दाबून धरूं नये, कारण पंपांतून जाणारें पाणीच त्याला थंड आणि वंगणयुक्त ठेवतें.

पंप खरोखरच गेला असेल आणि उघडतां येत नसेल, तर १२ व्होल्टचा नवा पंप कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. तो बसवितांना त्याची जागा पाण्याखालीं ठेवावी, एवढें पथ्य. जुना पंप मात्र डब्यांत ठेवून द्यावा. त्याच जातीचा दुसरा बिघडलेला पंप एखादे दिवशीं जुन्या बाजारांत मिळतो आणि दोहोंचा मिळून एक होतो.

शेवटीं धारेची दिशा. नोझलची गोळी टांचणीच्या टोंकानें हलक्या हातानें फिरवितां येते. गाडी उभी असतांना धार कांचेच्या मध्याहून थोडी वर पडेल अशी ठेवावी, कारण वेगांत समोरचा वारा तिला खालीं दाबतो. उभ्या गाडींत जी धार बरोबर मध्यावर पडते ती नगर रस्त्यावर वायपरच्या बुडाशींच संपून जाते. वायपरचें रबर ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें आणि परीक्षा संध्याकाळीं पांच-साडेपांचला, गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी करून घ्यावी. दुपारीं स्वच्छ दिसणाऱ्या कांचेवर कोठें कोठें धूळ राहिली, हें त्या वेळीं चालकाच्या जागेवर बसल्यावर लगेच दिसतें.